असं का? : फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिवस जाण्याआधीच का?

पाळी चुकली, आशाताईंकडे नाव नोंदवलं, मग गोळ्या सुरू झाल्या. श्रीरामपूर परिसरात बहुतेक घरांत क्रम हाच असतो. पण तोवर बाळाच्या घडणीतलं एक मोठं काम उरकत आलेलं असतं.

गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भावर पेशींचा चपटा पट्टा तयार होतो. त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात आणि करंजीच्या कडांसारख्या जुळून नळी बनते. तिचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. साधारण २८व्या दिवसापर्यंत, म्हणजे पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवड्यांत, ही नळी मिटते. पेशी भराभर वाढायला फोलेट लागतं; गोळीतलं फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचंच रूप. ते कमी पडलं, तर नळी उघडी राहण्याचा धोका वाढतो.

फोलेटचा माग लागला तो मुंबईत. १९२८ साली ल्युसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर गिरणी कामगार गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचं कारण शोधायला आली. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात, हे तिला दिसलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच फोलेट.

मेथी, पालक, हरभरा ताटात हवेतच, पण तेवढ्यावर विसंबू नये. बाळाचा विचार ठरल्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मधुमेह असेल किंवा फिटची औषधं चालू असतील, तर मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.