दोन मिलिमीटरची राखण

जुनी माझदा आरएक्स-७ विकत घ्यायला निघालेला जाणकार माणूस रंग, टायर, सीट हे सगळं नंतर बघतो. आधी इंजिन गरम करून घेतो, इग्निशन आणि पेट्रोल तोडतो, एक प्लग काढतो, कुणाला तरी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायला सांगतो आणि प्लगच्या रिकाम्या भोकाशी कान देतो. फस्, फस्, फस्. फस्, फस्, फस्. तिन्ही फुंकरा सारख्या जोराच्या आल्या तर इंजिनची तब्येत ठीक. एक जोरकस आणि लागोपाठ दोन दुबळ्या आल्या तर आतली एक ठराविक पट्टी गेली. तीनपैकी एकच दुबळी असेल तर ती पट्टी बहुधा शाबूत आहे, बाजूचं दुसरं सील अडकलं असावं. एकही नट न उघडता, नुसत्या कानाने एवढं कळतं! मीटर लावून आकडे तो नंतर घेतोच, पण निदान तोवर झालेलं असतं.

हे शक्य होतं, कारण या इंजिनात पिस्टन नाही. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग बेल्ट नाही. भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारखी, कमरेत किंचित आवळलेली एक पोकळी आहे आणि तिच्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. हा त्रिकोण म्हणजे रोटर. तो स्वतःभोवती फिरतो आणि त्याचा मध्यही गोल फिरत राहतो, आणि या दुहेरी फिरण्याची गंमत अशी की त्याची तिन्ही टोकं सतत पोकळीच्या भिंतीला धरून असतात. रोटरच्या पोटात ५१ दात्यांचं चाक आहे, ते ३४ दात्यांच्या स्थिर चाकाभोवती फिरतं. या एका गुणोत्तरातून सगळी भूमिती निघते. रोटरची एक फेरी होते तोवर मधल्या शाफ्टच्या तीन होतात. रोटरच्या तीन बाजू आणि भिंत यांच्यामध्ये तीन खोल्या तयार होतात. फिरता फिरता प्रत्येक खोली मोठी होते, आकसते, पुन्हा मोठी होते, पुन्हा आकसते. पेट्रोल-हवा आत घेणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं ही चारही कामं त्यातच उरकतात. हवा आत येण्याचं आणि धूर जाण्याचं दार म्हणजे नुसती भोकं. रोटर त्यांच्यावरून सरकतो तशी ती उघडतात आणि झाकली जातात.

या आकाराचं गणित इतकं स्वच्छ आहे की ते करून बघण्याचा मोह आवरत नाही. आरएक्स-७ मधल्या १३बी इंजिनाचे तीन आकडे घ्या: रोटरच्या मध्यापासून टोकापर्यंत १०५ मिलिमीटर, शाफ्टचं मध्यापासूनचं सरकणं १५ मिलिमीटर, रोटरची जाडी ८० मिलिमीटर. तिन्हींचा गुणाकार करा, तीनच्या वर्गमुळाने गुणा, मग तीनने गुणा. उत्तर येतं ६५४ घनसेंटिमीटर. असे दोन रोटर, म्हणजे १३०८ सीसी. माझदाने आधीची १०ए आणि १२ए इंजिनं याच मापाने बनवली होती, फक्त जाडी ६० आणि ७० मिलिमीटर. एकच वक्र रेषा, कमी-अधिक जाडीची. आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकएवढ्या या आकड्यातून शेवटच्या आरएक्स-७ ने दोन टर्बोंच्या मदतीने २८० अश्वशक्ती काढली. सीसी मोजण्याची रीत इथे वेगळी आहे, त्यामुळे ही तुलना थोडी फसवी. तरी सव्वा टनाच्या आसपासच्या गाडीला ती ताकद काय करत असेल याची कल्पना येते.

आता ती पट्टी. रोटरच्या प्रत्येक टोकाला एक खाच असते, तिच्यात ८० मिलिमीटर लांब आणि अवघी दोन मिलिमीटर जाड अशी धातूची पट्टी बसते. तिला अपेक्स सील म्हणतात. तिच्या मागे एक हलकी स्प्रिंग असते. बाकी तिला भिंतीवर दाबून धरतो तो जळणाऱ्या वायूचा दाब आणि फिरण्याचा जोर. एका खोलीतला स्फोट शेजारच्या खोलीत जाऊ द्यायचा नाही, एवढंच तिचं काम. प्रत्येक पट्टी दोन खोल्यांमधली सामाईक भिंत असल्यामुळे ती तुटली की दोन्ही खोल्या गळतात, आणि म्हणूनच कानाला एक जोरकस आणि दोन दुबळ्या फुंकरा ऐकू येतात. शाफ्ट मिनिटाला ८००० फेऱ्यांनी फिरत असताना ही पट्टी सेकंदाला तीसेक मीटर वेगाने भिंत घासत धावते. एका अंगाला तापलेला जाळ, दुसऱ्या अंगाला आत्ताच आलेली गार हवा.

या पट्टीने एक अख्खी कंपनी जेरीला आणली होती. फेलिक्स वँकेल या जर्मन संशोधकाची ही कल्पना एनएसयू कंपनीने प्रत्यक्षात आणली, आणि १९६१ साली हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कंपनीने, म्हणजे आजच्या माझदाने, तिचे हक्क घेतले. जपान सरकार तेव्हा लहान मोटार कंपन्यांना मोठ्या कंपन्यांत विलीन करण्याच्या विचारात होतं. आपलं वेगळं अस्तित्व टिकवायचं तर दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी हवं, हे कंपनीचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनी ओळखलं. पण इंजिन काही तास चाललं की आतल्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उमटायचे. हिरोशिमाच्या अभियंत्यांनी त्यांना सैतानाच्या नखांच्या खुणा असं नाव ठेवलं. १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ अभियंत्यांचा विभाग उभा राहिला. जपानमध्ये ४७ हा आकडा धन्यासाठी प्राण देणाऱ्या सामुराईंचा आहे, त्यामुळे या लोकांनाही तेच नाव चिकटलं. दोष पट्टीच्या थरथरण्यात आहे हे त्यांनी शोधलं. पट्टीला आडवी-उभी भोकं पाडून तिची कंपनं बदलली, पुढे कार्बन आणि ॲल्युमिनियमची पट्टी तयार केली, आणि मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही दोन रोटरची गाडी बाजारात आणली. यामामोतो पुढे त्याच कंपनीचे अध्यक्ष झाले. १९९१ मध्ये ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत माझदा ७८७बी ३६२ फेऱ्या मारून पहिली आली. तिच्यात चार रोटर होते, प्रत्येक ६५४ सीसीचा, आणि पट्ट्या सिरॅमिकच्या.

त्याच वर्षी आरएक्स-७ ची तिसरी पिढी आली. तिचे चाहते तिला एफडी म्हणतात. 'टोकियो ड्रिफ्ट' चित्रपटातल्या काळ्या-नारिंगी गाडीमुळे आपल्याकडच्या पोरांनाही ती ठाऊक आहे, जरी आधीच्या पिढीला माझदा म्हटलं की स्वराज माझदाची मिनीबसच आठवते. एफडी बाळगणाऱ्याची सगळी दुरुस्ती आणि सगळे बदल शेवटी त्या दोन मिलिमीटरच्या पट्टीची राखण असतात. या गाडीत दुरुस्ती कुठे संपते आणि हौस कुठे सुरू होते हे मला वेगळं काढताच येत नाही, आणि माझ्या मते हीच तिची खरी ओढ आहे.

पहिलं बघा तेल. या इंजिनाने तेल जाळलं तर तो बिघाड नाही, तशीच त्याची रचना आहे. पट्टीला वंगण मिळावं म्हणून एक छोटा पंप इंजिन ऑइल थेंबाथेंबाने आत सोडतो. पण ते ऑइल जाळण्यासाठी बनवलेलं नसतं, म्हणून अनेक मालक टाकी भरताना त्यात टू-टी ऑइलही ओततात, लिटरला साधारण आठ मिलिलिटर. बजाज चेतक, लुना किंवा राजदूत चालवलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पंपावर पेट्रोलबरोबर ऑइल मारून घेणं आपल्याकडे लाखो घरांनी केलंय. फरक एवढाच की स्कूटरला याहून बरंच जास्त ऑइल लागायचं.

दुसरं उष्णता. रोटरी इंजिनाचा धूर भयंकर तापलेला असतो, जोरात चालवलं तर ९०० अंश सेल्सिअसच्याही पुढे. एफडीच्या बॉनेटखाली दोन टर्बो, त्यांच्या लगेच पुढे एक छोटा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आणि जवळच कूलंटमधली हवा वेगळी करणारी प्लास्टिकची टाकी. वर्षानुवर्षं भाजून ते प्लास्टिक तडकतं, कूलंट जातं, इंजिन तापतं. आता इंजिनाची बांधणी आठवा: ओतीव लोखंडाच्या तीन प्लेटा, त्यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची दोन घरं, पाचही भाग लांब बोल्टांनी आवळलेले, मध्ये पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगा. दोन्ही धातू वेगवेगळे फुगतात. एकदा नीट तापलं की त्या रिंगा भाजतात आणि पाणी खोलीत शिरतं. त्यात गाडीचा तापमानाचा काटा असा की बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो मध्येच उभा राहतो. तो चढायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून शहाणा मालक पहिला खर्च ॲल्युमिनियमची टाकी, मोठा रेडिएटर आणि खरं तापमान दाखवणारा वेगळा मीटर यांवर करतो. ताकद वाढवायचा विचार सगळ्यात शेवटी. हा क्रम चुकलेल्या गाड्यांची इंजिनंच जास्त उतरवावी लागतात असं माझं ठाम मत आहे.

ताकदीच्या मोहाचं उदाहरण म्हणजे डाउनपाइप. तो छोटा कॅटॅलिटिक काढून तिथे साधा पाइप लावला की बॉनेटखालची आग खूप कमी होते, आणि पिकअपही वाढतो. बऱ्याच ठिकाणी प्रदूषणाच्या नियमांत हे बसत नाही, तो भाग वेगळा. पण यांत्रिक बाजूने पुढे काय होतं बघा. धुराला वाट मोकळी मिळाली, टर्बो जास्त वेगाने फिरला. जादा धूर बाजूला काढणारी झडप मुळात लहान, तिला हा लोंढा आवरत नाही. हवेचा दाब ठरल्यापेक्षा वर सरकत जातो. कारखान्यातून आलेला संगणक जुन्या हिशेबाने पेट्रोल देतो, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, आणि खोलीत शांतपणे जळायच्या ऐवजी स्फोटासारखा एकदम भडका उडतो. तो भडका पट्टीवर बसतो. दोन मिलिमीटरचा धातू तुटतो, तुकडा भिंतीवरचा क्रोमचा थर ओरबाडत धुराच्या वाटेने बाहेर पडतो आणि टर्बोच्या पात्यांवर आदळतो. एका पाइपासाठी इंजिनही गेलं आणि टर्बोही. त्या पाइपाबरोबर झडपेचं भोक मोठं करून घेतलं आणि पेट्रोलचा हिशेब नव्याने बसवला, तर हाच बदल गाडीला जपतो.

दोन टर्बो टप्प्याटप्प्याने चालवणारी यंत्रणा हे एफडीचं आणखी एक नवल. कमी वेगात सगळा धूर पहिल्या टर्बोला, ४५०० फेऱ्यांच्या सुमारास दुसरा सामील होतो. दाबाच्या मीटरवर आधी १० पीएसआय दिसतात, बदलाच्या क्षणी ८, पुन्हा १०. हा खेळ चालवायला डझनावारी बारीक रबरी नळ्या आणि विजेवर उघडणाऱ्या चिमुकल्या झडपा आहेत, सगळ्या इंजिनाच्या डोक्यावर गुंतलेल्या. तापून त्या लाकडासारख्या कडक होतात. एखादी निसटली तरी दुसरा टर्बो गप्प. काही मालक हा सगळा पसारा उपटून एकच मोठा टर्बो बसवतात. मला ते पटत नाही. प्रत्येक नळीला चिकटपट्टीवर नंबर लिहून, एकेक काढून तिथे सिलिकॉनची नळी घालण्यात शनिवार-रविवार जातात खरे, पण कमी वेगातला तो तत्पर पिकअप मोठ्या टर्बोत मिळत नाही.

तरीही एक दिवस इंजिन खोलावंच लागतं. पिस्टनच्या इंजिनाला बोअर करून मोठ्या रिंगा टाकता येतात; इथे घराची भिंत ओरबाडली की घरच बदलायचं. पण भाग इतके कमी की हौशी माणूस ते घरच्या गॅरेजात खोलू शकतो. सगळ्यात नाजूक काम बाजूच्या सीलचं. रोटरच्या प्रत्येक अंगाला तीन, दोन रोटरांची मिळून बारा. वळणदार, पातळ अशा या पट्टीचं टोक कोपऱ्यातल्या गोल सीलला जवळजवळ टेकतं, पण पूर्ण नाही. मध्ये ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर फट राहायला हवी. नवी सील थोडी लांब असते. टोकावर कानशीचा हलका हात, पुसायचं, खाचेत बसवायचं, फीलर गेजचं पान घालून बघायचं, पुन्हा कानस. एक हात जास्त झाला की ती सील वाया. बाराही झाल्या की प्रत्येक तिच्याच खाचेसाठी राखून ठेवायची, अदलाबदल चालत नाही. मग इंजिन उभं ठेवून एकावर एक थर रचायचे, आणि तोवर हे सगळे बारीक भाग जागच्या जागी राहावेत म्हणून त्यांना व्हॅसलीन लावायचं. नवीन बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू होताना पांढऱ्या धुराने गॅरेज भरून जातं ते त्या व्हॅसलीनमुळे. माहीत नसलेला माणूस घाबरून बंद करतो.

माझदाने २०१२ मध्ये रोटरी इंजिनाच्या गाड्या बंद केल्या. पण २०२० मध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ चे बंद झालेले कित्येक सुटे भाग कंपनीने पुन्हा बनवायला घेतले. आणि २०२३ मध्ये एमएक्स-३० या विजेवर चालणाऱ्या गाडीत रोटरी परत आली, चाकं फिरवायला नाही तर बॅटरीसाठी वीज बनवायला. एकच रोटर, ८३० सीसी. टोकापर्यंत १२० मिलिमीटर, सरकणं १७.५, जाडी ७६; वरचं सूत्र वापरून ताडून बघता येईल. या इंजिनासाठी अभियंत्यांनी ती पट्टी अर्ध्या मिलिमीटरने जाड केली आहे.