‘जेडेड’ म्हणजे नुसता थकलेला नव्हे

दिवसभर शेतात राबलेला माणूस रात्री गाढ झोपतो आणि सकाळी ताजातवाना उठतो. इंग्रजीत त्याला ‘टायर्ड’ म्हणतील, ‘जेडेड’ कोणी म्हणणार नाही. रोज पंचपक्वान्ने खाऊन ज्याला श्रीखंडसुद्धा गोड लागेनासे झाले, त्याची जीभ मात्र ‘जेडेड’. हा शीण अतिपरिचयाचा आहे. तो झोपेने जात नाही.

या विशेषणाच्या मुळाशी घोडा आहे. हिरव्या जेड रत्नाशी त्याचे नाते नाही; रत्नाचे नाव कुशीसाठी असलेल्या स्पॅनिश शब्दावरून आले, कारण तो दगड कुशीतली कळ थांबवतो अशी समजूत होती. विशेषणातला ‘जेड’ म्हणजे ओझी ओढून निकामी झालेले मरतुकडे घोडे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने लिहिलेल्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये एका धर्मगुरूच्या वाट्याला असेच घोडे येते. शेक्सपिअरच्या ‘द टेमिंग ऑफ द श्रू’मधला नोकर ग्रुमिओ प्रवासातून काकडत घरी येतो, तोच दमलेल्या घोड्यांना या शब्दाने शिव्या घालत. पुढे घोडा विस्मरणात गेला आणि विशेषण माणसाला चिकटले.

‘हॅकनीड’ हा शब्दही तबेल्यातलाच. हॅकनी म्हणजे भाड्याने मिळणारा घोडा. त्यावर कोणीही बसावे, म्हणून वापरून गुळगुळीत झालेली उपमा ‘हॅकनीड’ आणि पैशासाठी पाट्या टाकणारा लेखक ‘हॅक’. मराठीतले ‘भाडोत्री तट्टू’ याच वाटेवरचे.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०३ मध्ये महानगरी मनावर निबंध लिहिला. शहरात इंद्रियांवर इतका मारा होतो, की मन शेवटी दाद देणेच सोडते, असे त्यांचे निरीक्षण. त्या अवस्थेचे नाव त्यांनी फ्रेंच ‘ब्लाझे’वरून घेतले. ‘ब्लाझे’ माणसात थोडी ऐटही असते. ‘जेडेड’मध्ये ती नसते, झीज असते.

मराठीत ही झीज नेमकी पकडणारे क्रियापद आहे: विटणे. उन्हात लुगड्याचा रंग विटतो, तसे मनही विटते. रंग उडणे आणि नकोसे होणे, दोन्ही त्यात आले. तरीही ‘जेडेड व्होटर’चे भाषांतर ‘थकलेला मतदार’ असे केले, तर तो रांगेत उभा राहून दमल्यासारखा वाटतो. तीच ती आश्वासने ऐकून ज्याचा विश्वास उडाला, त्याला भाषांतरकारांनी ‘विटलेला मतदार’च म्हणावे.