पित्त की अल्सर?

मरोळच्या एमआयडीसीत आणि सीप्झमध्ये पाळीने काम करणारी मंडळी दवाखान्यात येतात ती निदान ठरवूनच. "डॉक्टर, पित्त फार झालंय, गोळी द्या." बेंबीच्या वर जळजळते, पहाटे दोन-तीनला जाग येते, दोन बिस्किटे खाल्ली की बरे वाटते. असे आठवडेच्या आठवडे चालले, तर जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला आतून जखम झालेली असू शकते. हाच अल्सर.

तिखट आणि काळजी यांमुळे अल्सर होतो, हा समज जुना. ऑस्ट्रेलियात पर्थ येथे डॉ. वॉरन आणि डॉ. मार्शल यांनी १९८२ च्या सुमारास हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू दाखवून दिला. लोकांना पटेना, म्हणून मार्शल १९८४ मध्ये स्वतःच ते जंतू प्यायले आणि त्यांच्या जठराला सूज आली! २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. हा जंतू आपल्याकडे पुष्कळांच्या पोटात असतो. अल्सर मात्र थोड्यांनाच होतो.

दुसरे कारण दुखण्यावरच्या गोळ्या. कंबर धरली की दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणायची, ही सवय वाईट. जेवणानंतर घेतली म्हणजे धोका टळला असे नाही, कारण ती रक्तात मिसळूनही जठराचे संरक्षण कमी करते. हृदयासाठी दिलेली अॅस्पिरिन मात्र मनाने बंद करू नका, आधी विचारा.

जंतू आहे की नाही हे दुर्बिणीने, श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीने कळते. त्याआधी दोन आठवडे ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल यांसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारून थांबवाव्या लागतात; नाहीतर जंतू असूनही अहवाल 'नाही' येतो. जंतू सापडला, तर दोन-तीन औषधे एकत्र, बहुधा चौदा दिवस घ्यावी लागतात. चौथ्या दिवशी जळजळ थांबते आणि गोळ्या कपाटात जातात. मग उरलेले जंतू त्याच औषधांना दाद देत नाहीत. औषध संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी.

विडी-सिगारेटने जखम भरायला वेळ लागतो. दुधाने घटकाभर बरे वाटते, पण नंतर आम्ल वाढते.

शौचाला डांबरासारखे काळे, चिकट झाले, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही पडले, किंवा एकाएकी असह्य दुखून पोट फळीसारखे कडक झाले, तर माझ्या दवाखान्याच्या रांगेत बसू नका. रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठा. पन्नाशीनंतर प्रथमच असा त्रास सुरू झाला आणि वजनही उतरत असेल, तर दुर्बिणीची तपासणी पुढे ढकलू नये. कर्करोग नाही ना, हे आधी पाहावे लागते.