'आय मँगो ईट' : शब्द बरोबर, मग मुलांचं इंग्रजी वाक्य चुकतं कुठे?

खांडबारा (ता. नवापूर) : सहावी-सातवीतल्या मुलाला 'मी आंबा खातो' हे इंग्रजीत लिहायला सांगा. बरीच मुलं लिहितात, 'आय मँगो ईट'. तिन्ही शब्द येतात, स्पेलिंगही येतं, तरी वाक्य चूक. वहीत लाल फुली पडते आणि पोरगं समजतं की आपल्याला इंग्रजी येत नाही. खरं तर त्याला शब्द येतात. शब्दांची जागा कोणी सांगितलेली नसते.

ही चूक आळसाची नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं. खांडबारा परिसरात घरोघरी बोलल्या जाणाऱ्या मावची, भिलोरी, कोकणी, अहिराणी, गुजराती या बोली आणि भाषांमध्येही ते शेवटीच येतं. हिंदीतही तसंच. म्हणजे मूल आधी घरची बोली शिकतं, मग शाळेत मराठी, पुढे हिंदी, आणि या सगळ्यांत क्रियापद मागे. एकटी इंग्रजी ते पुढे ओढते. मुलाचा मेंदू सवयीनं चालतो, त्यात नवल नाही.

(या लेखात इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, म्हणजे इंग्रजी न शिकलेल्या आई-वडिलांनाही ती वाचून मुलाकडून म्हणवून घेता येतील. मुलानं मात्र वहीत इंग्रजी अक्षरांतच लिहायचं.)

बिबट्या आणि बकरी

'बिबट्याने बकरीला धरलं' आणि 'बकरीला बिबट्याने धरलं'. शब्द मागेपुढे केले तरी कोणी कोणाला धरलं हे मराठीत बदलत नाही. कारण 'ने' आणि 'ला' शब्दाला चिकटलेले असतात, तेच अर्थ सांभाळतात.

इंग्रजीत 'ने' नाही, 'ला' नाही. 'द लेपर्ड कॉट द गोट' म्हटलं तर बिबट्याने बकरी धरली. शब्द उलटे करून 'द गोट कॉट द लेपर्ड' म्हटलं की बकरीने बिबट्या धरला! वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात आणि मुद्दा डोक्यात बसतो. इंग्रजीत शब्द कुठे उभा आहे त्यावर अर्थ ठरतो. करणारा पहिला, काम दुसरं, ज्याच्यावर काम झालं ते तिसरं.

हे पाठ करायला नाम, सर्वनाम, क्रियापदाच्या व्याख्या आधी लागत नाहीत. व्याख्या घोकून आलेलं मूल वाक्य बनवू शकतंच असं नाही, हे कोणतेही अनुभवी सर सांगतील. तीन मुलांना ओळीत उभं करा. एकाच्या हातात 'द लेपर्ड', दुसऱ्याच्या हातात 'कॉट', तिसऱ्याच्या हातात 'द गोट' असा पुठ्ठा द्या. जागा बदलायला लावा आणि प्रत्येक वेळी अर्थ विचारा. अर्थ मावचीत सांगितला तरी चालेल, उलट लवकर कळेल.

शेपटाकडून मागे या

आता मोठं वाक्य घेऊ. 'माझी आई रविवारी बाजारात भाजी विकते.' याचे पाच तुकडे पडतात: माझी आई, रविवारी, बाजारात, भाजी, विकते.

इंग्रजीत हेच वाक्य असं होतं: 'माय मदर सेल्स व्हेजिटेबल्स इन द मार्केट ऑन संडे.' नीट पाहा. 'माझी आई' जागेवरच राहिली. त्यानंतरचं सगळं उलटं झालं: विकते, भाजी, बाजारात, रविवारी. पहिला तुकडा धरून ठेवायचा आणि बाकीचे शेपटाकडून एकेक उचलत यायचं.

एवढी एक युक्ती मुलाला कळली तर साध्या वाक्यांचं बरंचसं काम होतं. 'बाबा सकाळी शेतात भात लावतात', 'दीदी संध्याकाळी विहिरीवरून पाणी आणते', अशी रोजची वाक्यं आधी मराठीत तुकडे पाडून, मग उलटी करून घ्यायची. लांबलचक, 'जेव्हा-तेव्हा' असलेल्या वाक्यांना ही युक्ती पुरत नाही. पण ती वाक्यं नंतरची.

तुकड्याच्या आतही अशीच उलटापालट असते. 'बाजारात' मधला 'त' मागे चिकटलेला, इंग्रजीत 'इन' वेगळा आणि पुढे. 'गाडी सुरतहून येते' मधला 'हून' मागे, तर 'द ट्रेन कम्स फ्रॉम सुरत' मध्ये 'फ्रॉम' पुढे. खांडबाऱ्यातल्या पोरांना रेल्वे काही नवी नाही. गाडी कुठून आली, कुठे चालली, आत कोण बसलंय, यावर स्टेशनात उभ्या उभ्या दहा वाक्यं होतात.

'आहे'चा घोळ

सगळ्यात जास्त मार्क जातात ते इथे. मूल लिहितं, 'आय अ‍ॅम गो टू स्कूल'. त्याच मुलाला स्वतःचं नाव विचारा, ते लिहितं, 'माय नेम राजू'. जिथे नको तिथे 'अ‍ॅम' आणि जिथे हवं तिथे 'इज' गायब.

दोन्हीचं मूळ मराठीतल्या 'आहे'मध्ये आहे. बोलताना आपण 'माझं नाव राजू' म्हणतो, 'आहे' गिळून टाकतो. इंग्रजीत ते गिळता येत नाही, 'माय नेम इज राजू' असंच लागतं. उलट 'अ‍ॅम'चा अर्थ 'आहे' असा पाठ केल्यामुळे 'मी' म्हटलं की 'आय अ‍ॅम' हात आपोआप लिहून मोकळा होतो.

सुरुवातीला एकच प्रश्न विचारायला शिकवा: वाक्यात कोणी काही *करतंय*, की कोणी काही *आहे*? 'मी शाळेत जातो' इथे काम आहे, म्हणून 'आय गो टू स्कूल', 'अ‍ॅम' नको. 'मी शाळेत आहे' इथे काम नाही, म्हणून 'आय अ‍ॅम इन स्कूल'. आय असेल तर अ‍ॅम, एकासाठी इज, अनेकांसाठी आणि 'यू'साठी आर. 'आय अ‍ॅम गोइंग' मध्ये दोन्ही एकत्र येतात, पण ते हा फरक पक्का झाल्यावर घ्यावं. दोन्ही एकाच आठवड्यात शिकवले की पुढची दोन वर्षं घोळ निस्तरत बसावं लागतं.

एक 'एस', दोन कामं

'मँगो'चे 'मँगोज' झाले की 'एस' म्हणजे अनेक, हे मुलाला पाचवीतच कळतं. मग 'ही रन्स' मध्ये धावणारा एकटाच असताना 'एस' का? शंका योग्य आहे, आणि बऱ्याचदा तिचं उत्तर कोणी देत नाही. नामाला लागलेला 'एस' अनेक दाखवतो, तर कामाच्या शब्दाला लागलेला 'एस' करणारा एकच आहे हे दाखवतो. 'द बॉय रन्स', 'द बॉइज रन'. एस एकाच ठिकाणी बसतो, इकडे नाहीतर तिकडे. मात्र 'आय' आणि 'यू' बरोबर कामाच्या शब्दाला तो लागत नाही.

मुलांना इथे थोडा धीरही द्यावा. मराठीत 'मुलगा जातो, मुलगी जाते, मुलं जातात' असं क्रियापद किती वेळा बदलतं! इंग्रजीत ही असो की शी, 'गोज' एकच. ज्या पोराला मराठीतले एवढे बदल जमतात, त्याला एक 'एस' जड नाही.

उशीर झाला तर काय होतं

राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाली. त्याआधी मराठी शाळेत ती पाचवीपासून होती. म्हणजे आजच्या बऱ्याच आजोबांनी एबीसीडी पाचवीत गिरवली आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेसारख्या पुस्तकांवर वाक्यं घासली. आता सुरुवात लवकर होते, पण वाक्य लवकर येतं असं नाही. 'असर'च्या २०२२ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी २४.५ टक्के मुलांना साधं इंग्रजी वाक्य वाचता आलं, आठवीत ४६.७ टक्के. म्हणजे आठवीतही निम्म्याहून जास्त मुलं वाक्य वाचण्यापाशीच अडलेली. लिहिणं तर पुढची पायरी.

२०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात नापास झालेल्याला पुन्हा एक संधी मिळते, तीही गेली तर वर्ष त्याच वर्गात. शिष्यवृत्ती परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात इंग्रजी असते. पुढे तलाठी भरतीच्या २०२३ च्या परीक्षेत १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते. शेतावर राबून पोराला अभ्यासाला बसवणाऱ्या घराला हे २५ प्रश्न लहान नाहीत.

घरी मोबाईल आहे, तो कामाला लावता येतो. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड 'दीक्षा' अ‍ॅपवर स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य उघडतं. ई-बालभारतीवर पुस्तकाची पीडीएफ फुकट मिळते. गूगल ट्रान्सलेटवर मराठी वाक्य बोललं की इंग्रजी वाक्य ऐकू येतं. पण गृहपाठ थेट त्यातून उतरवला तर मूल काही शिकत नाही, फक्त वही भरते. त्यापेक्षा मुलानं आधी स्वतः वाक्य लिहावं, मग मोबाईलला विचारावं आणि दोघांचं कुठे जुळत नाही ते शोधावं. मोबाईलही चुकतो. खास करून गावाकडच्या बोलीतलं वाक्य टाकलं तर काहीच्या बाही उत्तर देतो. असं उत्तर दुसऱ्या दिवशी सरांना किंवा मॅडमना दाखवून विचारायला सांगावं.

नकार आणि प्रश्न शेवटी घ्यावेत. 'मी मासे खात नाही' याचं मुलं 'आय नो ईट फिश' करतात. 'आय डू नॉट ईट फिश' मधल्या 'डू'ला मराठीत जोडीदारच नाही, म्हणून त्याचा अर्थ शोधत बसण्यात वेळ जातो. तो कानानंच बसवावा लागतो. जेवताना ताटाकडे बोट दाखवून आईनं फक्त एवढं विचारायचं, 'डू यू ईट फिश?' आणि पोरानं पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं: 'येस, आय ईट फिश', किंवा 'नो, आय डू नॉट ईट फिश'. उद्या माशाच्या जागी भाकरी, परवा मिरची.