पाइपची पिचकारी : घरी करावी कशी आणि विकण्याआधी काय पाहावे

फाल्गुन लागला की अमरावती, बडनेरा, दर्यापूर आणि भातकुलीच्या बाजारात पिचकाऱ्यांच्या माळा लटकू लागतात. हा धंदा चार दिवसांचा. रंग खेळून झाला की न विकलेला माल पुढच्या वर्षापर्यंत पोत्यात जातो आणि विकलेला माल बहुधा त्याच संध्याकाळी उकिरड्यावर. पातळ प्लॅस्टिकची नळी पायाखाली आली की फुटते, दट्ट्याचा रबर निसटला की धार बंद होते. दुरुस्तीची सोय नसते, कारण आतला भाग उघडतच नाही.

त्याच बाजारात नळकामाच्या दुकानात पीव्हीसी पाइप, कॅप, सॉकेट आणि टी मिळतात. एवढ्या सामानातून तासाभरात अशी पिचकारी होते की जी पाच-सहा हंगाम सहज चालावी आणि बिघडली तर घरीच उघडून नीट करता यावी. आम्ही कापडाचे व्यापारी, नळकाम हा आमचा पेशा नव्हे. तरी या विषयावर लिहितो याला दोन कारणे आहेत. पहिले, या पिचकारीचे मर्म पाइपात नसून दट्ट्यावर गुंडाळलेल्या कापडात आहे. दुसरे, अशा वस्तू घरी करून विकाव्यात असा विचार अनेक तरुण करतात. पण 2021 पासून खेळण्यांच्या विक्रीचा कायदा बदलला आहे आणि तो माहीत नसेल तर भांडवल अडकते.

या भागात पीव्हीसीच का

भातकुली तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे आहे. खाऱ्या पाण्याने लोखंडी नळ लवकर गंजतो. पीव्हीसीला गंज चढत नाही, म्हणून घर असो की शेत, हा पाइप येथे सर्वत्र दिसतो आणि जोडसामानही गावातच मिळते. पिचकारीलाही हाच गुण उपयोगी पडतो.

रचना मात्र नवी नाही. पूर्वी मुले बांबूच्या पोकळ नळीत काडीला चिंधी गुंडाळून पिचकारी करीत. एक नळी, एक दट्ट्या, एक भोक, एवढीच ती युक्ती. पाइपची पिचकारी म्हणजे तीच बांबूची पिचकारी, फक्त नळी गोल, गुळगुळीत आणि एकसारख्या मापाची.

साहित्य

एका पिचकारीला पुढील सामान लागते.

बाहेरची नळी : 40 मि.मी. पाइपचा 29 सें.मी. तुकडा.
दांडा : 25 मि.मी. पाइपचा 39 सें.मी. तुकडा.
40 मि.मी.च्या दोन कॅप, 25 मि.मी.ची एक कॅप, 25 मि.मी.चा एक टी आणि 25 मि.मी. सॉकेटमधून कापलेले बोटभर रुंदीचे एक कडे.
जुन्या सुती कापडाची पट्टी, सुती दोरा, पाइप चिकटवायचे सोल्युशन.
हत्यारे : लोखंड कापायची बारीक दात्यांची करवत, गिरमिट किंवा ड्रिल, गोल कानस, घासकागद.

पाइपवर आयएसआय चिन्ह पाहून घ्यावे. स्वस्त पाइपात शिशाची मिसळ असू शकते. पीव्हीसी पाइपातील शिसे कमी करण्यासाठी केंद्र सरकारने 2021 मध्ये स्वतंत्र नियम केले, यावरून हा प्रश्न किरकोळ नाही हे लक्षात यावे. लहान मूल पिचकारी तोंडात घालतेच. शेतावरचा जुना पाइप किंवा फवारणी पंपाचा भाग तर मुळीच वापरू नये. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे प्राण गेले. औषध लागलेली नळी दहा वेळा धुतली तरी मुलाच्या हातात देऊ नये.

कृती

1. पाइप काटकोनात कापावेत आणि कापलेल्या कडा आतून-बाहेरून घासकागदाने गुळगुळीत कराव्यात. आतली कड खरबरीत राहिली तर ती कापड फाडते.

2. 40 मि.मी.च्या एका कॅपच्या मध्यभागी 3 मि.मी.चे भोक पाडावे. ही पुढची कॅप. ती सोल्युशन लावून बाहेरच्या नळीवर पक्की बसवावी.

3. दुसऱ्या कॅपच्या मध्यभागी दांडा सैल सरकेल एवढे मोठे भोक करावे. त्यासाठी गोल आखून रेघेवर लहान लहान भोके पाडावीत, मधला भाग काढावा आणि कानशीने घासावे. तापवलेली सळई वापरू नये. पीव्हीसी जळाले की त्यातून घशाला आणि छातीला झोंबणारा घातक वायू निघतो.

4. दांड्याच्या एका टोकाला 25 मि.मी.ची कॅप चिकटवावी. तिच्यामागे अडीच सें.मी. जागा सोडून सॉकेटचे कडे चिकटवावे. कॅप आणि कडे यांच्यामध्ये आता दोऱ्याच्या रिळासारखी खाच तयार झाली. कापड याच खाचेत बसते आणि मागेपुढे सरकत नाही.

5. मागची कॅप दांड्याच्या मोकळ्या टोकाकडून ओवून घ्यावी आणि मगच त्या टोकाला मूठ म्हणून टी चिकटवावा. हा क्रम चुकला तर कॅप पुन्हा आत जात नाही.

6. सोल्युशन एक दिवस वाळू द्यावे. हे काम हवेशीर जागी करावे, बंद खोलीत नको.

7. खाचेत कापड गुंडाळून दांडा नळीत घालावा आणि मागची कॅप नुसती दाबून बसवावी. तिला सोल्युशन लावू नये. कापड बदलायचे तेव्हा तीच उघडायची आहे.

दट्ट्याला कोणते कापड

पिचकारी चांगली की वाईट हे येथे ठरते. कापड सैल असेल तर पाणी मागून गळते आणि पुढे धार पडत नाही. फार घट्ट असेल तर दांडा हलत नाही.

कापड सुतीच हवे. प्रमाणित हवामानात सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतो, तर पॉलिस्टरचा धागा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पाण्यात टाकला की सूत फुगते आणि नळी व दांडा यांमधली फट आपोआप बुजते. पॉलिस्टर कोरडे होते तेवढेच राहते. शिवाय सूत ओले झाल्यावर अधिक मजबूत होते. ज्याला बाजारात आर्ट सिल्क किंवा रेयॉन म्हणतात त्या व्हिस्कोजचे उलट आहे. ते ओले झाले की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते आणि चार घासण्यांत त्याचे धागे निघतात.

सुती म्हटले म्हणजे कोरा मांजरपाट घ्यावा असेही नाही. कोऱ्या मांजरपाटावर मागावरची खळ असते आणि कापसाचे स्वतःचे मेणही असते, त्यामुळे तो पाणी पटकन पीत नाही. पुष्कळ वेळा धुतलेली जुनी चादर, धोतर किंवा पंचा उत्तम. पट्टी अडीच सें.मी. रुंद, उभ्या धाग्याच्या दिशेने फाडावी; आडव्या धाग्याची पट्टी ओढली की ताणते. पाच-सहा वेढे द्यावेत, प्रत्येक वेढा सपाट बसवावा आणि वरून सुती दोरा आवळावा. कोरड्या स्थितीत दांडा नळीत थोडा सैल वाटला पाहिजे. मग दहा मिनिटे पाण्यात भिजवावा. भिजल्यावर अडकत असेल तर एक वेढा कमी करावा, गळत असेल तर एक वाढवावा. शेवटी नळीला आतून खोबरेल तेलाचे बोट फिरवावे.

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. दट्ट्याचा वायसर विकत आणण्याची येथे गरज नाही, तो घरच्या चिंध्यांत आहे.

भोक केवढे, नळी केवढी

40 मि.मी. पाइपच्या आतल्या पोकळीचे क्षेत्रफळ ढोबळमानाने 10 चौरस सें.मी. असते. दट्ट्यावर पाण्याला पोचेल असा 5 किलो जोर दिला तर दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो दाब पडतो. एवढ्या दाबाने पाणी भोकातून सेकंदाला सुमारे 10 मीटर वेगाने निघते. पिचकारी छातीपाशी आडवी धरली तर धार चार-साडेचार मीटरवर पडते, जरा वर रोखली तर त्याहून पुढे जाते.

आता तोच 5 किलो जोर 20 मि.मी.च्या बारीक पाइपवर द्या. तेथे क्षेत्रफळ फक्त 2 चौरस सें.मी.च्या आसपास, म्हणून दाब पाचपट आणि धारेचा वेग दुपटीहून अधिक. ती धार अंगाला लागते आणि डोळ्याला इजा करू शकते. वरवर उलट वाटते, पण जाड नळीची धार मऊ आणि बारीक नळीची धार बोचरी. मुलांसाठी जाड नळीच करावी, आणि तीही तोंडावर रोखायची नाही हे आधी सांगावे.

भोकाचा हिशेबही असाच. भोकाची रुंदी दुप्पट केली की पाणी चौपट जाते. या पिचकारीत साधारण पाव लिटरच्या आतबाहेर पाणी मावते. 3 मि.मी. भोकातून ते चार-पाच सेकंद पुरते, 6 मि.मी. भोकातून सेकंदभरात संपते. म्हणून 3 मि.मी.पासून सुरुवात करावी. भोक मोठे करता येते, लहान करता येत नाही. पाणी याच भोकातून ओढून भरायचे असल्याने दांडा सावकाश ओढावा. झटक्याने ओढला तर कापडाच्या बाजूने हवा आत शिरते. रंगाचे पाणी पातळ कापडातून गाळून घ्यावे म्हणजे भोक तुंबत नाही.

मार्च महिन्यात आपल्याकडे पाण्याची काय अवस्था असते हे सांगायला नको. दहा लिटरच्या एका बादलीत अशी पिचकारी चाळीस वेळा भरते. बादलीच अंगावर ओतली तर तेच पाणी एका क्षणात संपते.

साठ नगांचा हिशेब

पाइपची पूर्ण नळी 6 मीटरची असते. 29 सें.मी.चे 20 तुकडे त्यातून करवतीची घट धरून निघतात, आणि 39 सें.मी.चे 15. म्हणजे 60 पिचकाऱ्यांना 40 मि.मी.च्या 3 नळ्या आणि 25 मि.मी.च्या 4 नळ्या लागतील. जोडसामानात 40 मि.मी.च्या 120 कॅप, 25 मि.मी.च्या 60 कॅप, 60 टी आणि 30 सॉकेट, कारण एका सॉकेटच्या दोन टोकांतून दोन कडी निघतात.

या यादीवर आपल्या दुकानदाराकडून भाव लिहून घ्या. खर्चाचा मोठा वाटा पाइपात नसून जोडसामानात आहे हे लगेच दिसेल. बचत तेथेच करावी. मागच्या कॅपऐवजी सुताराकडून भोक पाडलेली लाकडी चकती आणि टीऐवजी दांड्यात आडवी लाकडी खुंटी चालते. पुढची कॅप मात्र पीव्हीसीचीच हवी, कारण दाब तिच्यावर येतो. मजुरी हिशेबात धरायला विसरू नये. घरचे हात म्हणून मजुरी शून्य धरणारा कारागीर नफा कमावतो असे समजतो आणि प्रत्यक्षात आपली मजुरीच खातो.

विकायचे असेल तर

अमेरिकेत लॉनी जॉन्सन या इंजिनियरने 1982 मध्ये घरी एक प्रयोग करताना पाण्याची जोरदार धार पाहिली आणि पीव्हीसी पाइप व रिकामी बाटली यांपासून पाण्याच्या बंदुकीचा नमुना केला. तीच पुढे 1990 मध्ये बाजारात आली आणि 1991 पासून ‘सुपर सोकर’ या नावाने जगभर खपली. मानधनाच्या थकबाकीपोटी 2013 मध्ये त्यांना 7 कोटी 29 लाख डॉलर मंजूर झाले, ते पेटंट आणि लेखी करार हाती होता म्हणून. हुन्नर आणि कागद दोन्ही लागतात, हा यातला धडा.

आपल्याकडचा कागद वेगळा आहे. केंद्राने फेब्रुवारी 2020 मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्के केले आणि 2023 मध्ये 70 टक्के. त्यामुळे परदेशी माल महागला आणि देशी कारागिराला वाव मिळाला. पण त्याचबरोबर 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. पिचकारी हे खेळणेच आहे. पाइपवर चिन्ह आहे म्हणून पिचकारीला ते लागू होत नाही. तयार वस्तूचा परवाना वेगळा. हा नियम कारखानदाराला जसा आहे तसाच विकणाऱ्या दुकानदारालाही आहे.

वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः केलेल्या आणि विकलेल्या मालाला यातून सूट आहे. बांबूकाम करणाऱ्यांनी ही नोंदणी अवश्य करावी. पाइपची पिचकारी हस्तकलेत बसेलच असे धरून मात्र माल भरू नये. आधी जिल्हा उद्योग केंद्रात किंवा ब्युरोच्या नागपूर कार्यालयात विचारावे, उत्तर लेखी घ्यावे आणि मगच भांडवल घालावे. आपल्या मुलांसाठी घरी करायला कोणाची परवानगी लागत नाही. शाळेत मुलांकडून करून घ्यायलाही ही वस्तू चांगली. दाब, क्षेत्रफळ आणि कापडाचे गुण एकाच तासात शिकवता येतात. नळकामाच्या दुकानदारालाही गिऱ्हाइकाच्या मापाने पाइप कापून देऊन हंगामात चार पैसे मिळू शकतात.

हे करू नये

पाण्याऐवजी हवा भरून दाब वाढवण्याचा मोह तरुणांना होतो. पीव्हीसी पाइप दाबलेल्या हवेसाठी नसतो. पाणी दाबले जात नाही, म्हणून नळी फुटली तरी दाब तत्काळ उतरतो. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी सुटते आणि पाइपचे धारदार तुकडे उडवते.

त्याहून वाईट म्हणजे कार्बाइड. शेतातली माकडे आणि डुकरे हाकलण्यासाठी पाइपात कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी घालून बार काढतात. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात याच तोफा खेळणे म्हणून विकल्या गेल्या आणि शंभराहून अधिक लोकांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यांत बहुतेक मुले होती आणि काहींची दृष्टी गेली. विकणाऱ्यांना प्रत्येक नगामागे मिळाला तो थोडासा नफा.

पाइप तोच, दुकान तेच, मापही जवळपास तेच. त्यात पाणी भरायचे की कार्बाइड, हे करणाऱ्याने आणि विकणाऱ्याने ठरवायचे असते. जी वस्तू आपण आपल्या मुलाच्या हातात निर्धास्तपणे देऊ शकत नाही, ती दुसऱ्याच्या मुलाला विकू नये. व्यापाराचा हा नियम कोणत्याही परवान्याच्या आधीचा आहे.