धुण्याचें यंत्र आणि घरची दुरुस्ती

मागच्या पिढीच्या गृहिणीचा अर्धा दिवस धुण्यांत जात असे. नदीचा घाट, आडाजवळचा दगड किंवा घरची मोरी, यांपैकीं एका ठिकाणीं वाकून कपडे घासणें, आपटणें आणि पिळणें हें काम तिच्या मागें जन्मभर लागलेलें असे. कपडे धुण्याचें यंत्र, म्हणजे सर्वांच्या तोंडीं बसलेलें ‘वॉशिंग मशीन’, घरोघर आलें आणि हे कष्ट पुष्कळ हलके झाले. परंतु हेंच यंत्र एके सकाळीं मुकाट उभें राहिलें म्हणजे सारें घर अडून बसतें. जालना जिल्ह्यांतल्या आमच्या अंबडसारख्या गांवीं कारागीर पुष्कळदां जालन्याहून किंवा छत्रपति संभाजीनगराहून यावा लागतो. तो आठ-आठ दिवसांनीं येतो, आणि कधीं कधीं यंत्र न उघडतांच ‘आतां नवें घ्या’ असा सल्ला देऊन जातो. अशा वेळीं सुशिक्षित गृहस्थानें स्वतः किती दुरुस्ती करावी, कशी करावी आणि कोठें थांबावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

पहिली अडचण यंत्राची नसून मनाची आहे. ‘हें आपलें काम नव्हे’ असें म्हणण्याची संवय पांढरपेशा घरांत अजून गेलेली नाहीं. पुस्तक वाचणें आपलें आणि पेचकस धरणें दुसऱ्याचें, अशी वांटणी आपण करून ठेविली आहे. या वांटणीस आपल्या जुन्या ग्रंथांचा आधार मात्र सांपडत नाहीं. वात्स्यायनानें सांगितलेल्या चौसष्ट कलांत गायन-वादनाच्या पंक्तीसच तक्षण म्हणजे सुतारकाम आहे, आणि यंत्रमातृका म्हणजे यंत्रांची विद्याहि आहे. अकराव्या शतकांतल्या भोजराजाच्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथांत यंत्रांवर एक स्वतंत्र अध्यायच आहे. अलीकडचें उदाहरण पाहिजे असेल तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचें घ्यावें. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक, म्हणजे आमचे व्यवसायबंधूच. त्यांच्या उद्योगाचा उगम १८८८ सालीं बेळगांवास घातलेल्या सायकलींच्या दुकानांत आहे. तेथूनच पुढें लोखंडी नांगर निघाला आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. हाताला वंगण लागल्यानें विद्या मळत नाहीं, हें त्यांनीं आपल्या आचरणानें दाखवून दिलें.

दुसरी गोष्ट अशी कीं, दुरुस्ती हें आधीं बुद्धीचें काम आहे आणि मग हाताचें. न्यायशास्त्र शिकलेल्यांस अन्वय आणि व्यतिरेक हे शब्द परिचित असतील. जें असतांना दुसरें असतें तो अन्वय, आणि जें नसतांना दुसरेंहि नसतें तो व्यतिरेक. या दोहोंच्या साहाय्यानें कारण निश्चित करावयाचें असतें. बिघडलेल्या यंत्रापुढें बसल्यावर याहून चांगलें साधन नाहीं. याच्या उलट कित्येक लोक यंत्रास दोन थापा मारतात, आणि तें योगायोगानें सुरू झालें म्हणजे थापेचा गुण आला असें मानतात. हा काकतालीय न्याय झाला. अशी दुरुस्ती आठवडाभरहि टिकत नाहीं.

आतां यंत्राचें स्वरूप पाहूं. तें कितीहि गुंतागुंतीचें दिसलें तरी त्याचीं कामें चारच: पाणी घेणें, कपडे घुसळणें, पाणी सोडणें आणि कपडे पिळणें. आमच्या भागांत दोन पिंपांचें अर्धस्वयंचलित यंत्र पुष्कळांकडे असतें. एका पिंपांत धुणें होतें आणि दुसऱ्यांत, ज्यास लोक ड्रायर म्हणतात, कपडे पिळून निघतात. पूर्ण स्वयंचलित यंत्रांत हीं चारी कामें एकाच पिंपांत आपोआप होतात. चारांपैकीं नेमकें कोणतें काम अडलें, हें ठरविलें म्हणजे अर्धें निदान झालें. यासाठीं यंत्र रोज वापरणाऱ्या माणसाची साक्ष आधीं घ्यावी. आवाज कधीं बदलला, पाणी कोठें सांडलें, वास आला कीं काय, हें घरच्या गृहिणीस जितकें ठाऊक असतें तितकें येणाऱ्या कारागिरास असणें शक्य नाहीं.

पाणी घेण्याचा बिघाड आमच्या जिल्ह्यांत विशेष आढळतो, आणि त्याचें कारण जमिनींत आहे. काळ्या पाषाणांतून विंधनविहिरीनें वर येणारें पाणी बहुधा जड असतें, म्हणजे त्यांत चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. त्यांत साबणाचा फेस नीट होत नाहीं आणि भांड्यास पांढरा थर धरतो. शिवाय हा जिल्हा पडला अवर्षणाचा. १९७२ सालचा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या स्मरणांत आहे. २०१२-१३ सालीं तर निजामी राजवटींतल्या घाणेवाडीच्या तलावावर भिस्त ठेवणाऱ्या जालना शहरास टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागले. टाकीच्या तळाशीं राहिलेलें किंवा टँकरनें आलेलें पाणी आपल्याबरोबर गाळ घेऊन येतें. स्वयंचलित यंत्राच्या मागें नळी जेथें जोडतात तेथें आंत एक लहानशी जाळी असते. गाळ आणि क्षार या जाळींत साचले कीं पाणी थेंबथेंब येऊं लागतें आणि यंत्र वाट पाहून थांबतें. उपाय सोपा आहे. विजेचा प्लग काढावा, नळ बंद करावा, नळी फिरवून सोडवावी, पकडीनें जाळी अलगद ओढून काढावी, आणि लिंबूसत्त्व घातलेल्या कोमट पाण्यांत ती अर्धा तास ठेवून जुन्या दांत घासण्याच्या ब्रशानें साफ करावी. जाळी स्वच्छ असून पाणी येत नसेल तर नळी बादलींत सोडून नळ उघडून पाहावा. बादलींतहि धार बारीक पडली तर दोष यंत्राचा नसून पाण्याच्या दाबाचा आहे. टाकी फार उंचावर नसेल तर तो दाब पुरत नाहीं.

घुसळण्याचा बिघाड दोन प्रकारचा. मोटर घूं-घूं आवाज करते आणि तळाची चक्री फिरत नाहीं, असें झालें तर प्लग काढून चक्री हातानें फिरवावी. ती जड लागली तर तिच्या खालीं एखादें नाणें, टांचणी किंवा लहान मोजा अडकला असण्याचा संभव आहे. मधला स्क्रू काढला म्हणजे चक्री वर येते. ती अगदींच हलकी फिरली तर मागचें झांकण उघडून पट्टा पाहावा. तुटलेला पट्टा डोळ्यांस दिसतो. सैल झालेला पट्टा मध्यावर बोटानें दाबला असतां सहज खोल जातो. मोटरचे बोल्ट ढिले करून ती किंचित् मागें सरकविली म्हणजे तो ताणला जातो. नवा पट्टा आणावयाचा तर जुना पट्टा दुकानांत घेऊन जावें. त्यावर माप छापलेलें असतें. पट्टा ठीक, चक्री मोकळी, आणि तरीहि मोटर नुसती घुमत असेल तर बहुधा कपॅसिटर उतरला आहे. हा भाग स्वस्त मिळतो, परंतु त्याविषयींची सूचना पुढें दिली आहे, ती वाचल्यावांचून त्यास हात लावूं नये.

पाणी सोडण्याच्या बिघाडाचें उदाहरण आमच्या घरचेंच देतों. आमच्या दोन पिंपांच्या यंत्रांत पाणी भरलें कीं तें ठरत नसे; धुणें निम्म्यावर येईपर्यंत पिंप रिकामें होई. एका दुकानाकडून आलेल्या कारागिरानें यंत्र जुनें झालें, भाग मिळत नाहींत, असें सांगून नव्या यंत्राची किंमत कागदावर लिहून दिली. गुडघ्यांचें दुखणें असलेल्या आमच्या मंडळींस तीन आठवडे दगडावर धुणें करावें लागलें. पाटावर बसतां-उठतां त्या भिंतीचा आधार घेत, तें पाहून आम्ही यंत्रापुढें बसलों. पिंपास भोंक असतें तर जमीन ओली झाली असती. ती कोरडी होती. म्हणजे पाणी सांडपाण्याच्या नळीनेंच जात होतें. मग नळीचें तोंड पिंपांतल्या पाण्याच्या पातळीहून उंच बांधून ठेविलें आणि तासभर वाट पाहिली. पाणी तसूभरहि उतरलें नाहीं. नळी उंच असतां गळती नाहीं आणि खालीं असतां आहे; म्हणजे पिंप व सांधे निर्दोष, आणि दोष एकट्या पाणी अडविणाऱ्या रबरी झडपेचा. मंडळींनींहि सांगितलें कीं, पायजम्याची एक नाडी मागें धुण्यांत तुटून नाहींशी झाली होती. झडपेची डबी उघडली तों नाडीचे दोरे आणि त्यांभोंवतीं चुन्याचें कवच निघालें. रबर मऊ होतें, म्हणून तें बदलावें लागलें नाहीं. पाऊण तासांत काम आटोपलें. खर्च लिंबूसत्त्वाच्या एका पुडीचा झाला, आणि तें यंत्र आजतागायत चालत आहे.

पिळण्याच्या पिंपाविषयीं थोडक्यांत सांगतों. झांकण पुरें बसल्यावांचून तें फिरूं नये अशी योजना असते; म्हणून झांकणाखालचा खटका आधीं पाहावा. कपडे एका बाजूस गोळा झाले असतील तर पिंप भिंतीवर आदळतें. ते सारखे पसरून वर जाळीची ताटली बसवावी. यंत्राचे पाय समपातळींत आहेत कीं नाहींत हें पाहण्यास उथळ ताटलींत पाणी घालून ती यंत्रावर ठेवावी. यंत्राचा तळ उघडा असेल तर जाळी अवश्य ठोकावी, कारण उंदीर आंत शिरून तारा कुरतडतात.

आतां मर्यादा. घरांतली वीज २३० व्होल्ट दाबाची असते, आणि ओल्या जमिनीवर तिचा धक्का प्राणघातक होतो. नुसतें बटण बंद करून भागत नाहीं. प्लग भिंतींतून काढून डोळ्यांसमोर ठेवावा. कपॅसिटर प्लग काढल्यावरहि कांहीं काळ वीज धरून ठेवतो. तो बदलण्याचें काम जाणत्या माणसाकडूनच करवून घ्यावें. यंत्राच्या अंगास हात लावतां झिणझिण्या येत असतील तर तें तत्काळ बंद करावें आणि अर्थिंग तपासवून घ्यावें. स्वयंचलित यंत्रांतली विद्युत्-पाटी, जळका वास आणि मोटरची गुंडाळी या तीन गोष्टी कारागिराच्या. चांगल्या कारागिराचें महत्त्व आम्ही कमी करीत नाहीं. दोष कोठें आहे हें ज्यास ठाऊक आहे तोच चांगला कारागीर कोणता हें ओळखूं शकतो.

हा प्रश्न केवळ एका घराच्या काटकसरीचा नाहीं. औरंगाबादेजवळ चितेगांव येथें मोठा कारखाना असलेली व्हिडिओकॉन कंपनी एके काळीं मराठवाड्याच्या अभिमानाचा विषय होती. २०१८ सालीं तिचें प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखालीं न्यायाधिकरणापुढें गेलें. कंपन्या येतात आणि जातात, परंतु त्यांचीं यंत्रें घरोघर उरतात. तीं चालूं ठेवणार कोण? युरोपीय संघानें १ मार्च २०२१ पासून असा नियम केला आहे कीं, धुण्याच्या यंत्राची विक्री थांबल्यावरहि त्याचे सुटे भाग निदान १० वर्षें मिळाले पाहिजेत. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास समिति नेमली आणि त्याच वर्षीं २४ डिसेंबरास त्यासाठीं एक संकेतस्थळ उघडलें. टाकून दिलेलें यंत्र मोडींत कोणासहि देऊं नये; ई-कचऱ्याचे नवे नियम २०२३ च्या एप्रिलपासून अमलांत आले आहेत. परंतु हक्क कागदावर मिळाला तरी तो बजावणारें माणूस घरांत असावें लागतें.

समर्थ रामदासांचें जन्मग्राम जांब याच जिल्ह्यांत, घनसावंगी तालुक्यांत आहे. यत्नाचा त्यांनीं सांगितलेला महिमा आम्हीं मुलांकडून वर्षानुवर्षें पाठ करून घेतला. त्या पाठांतराबरोबर एखादें बिघडलेलें यंत्र मुलांपुढें उघडून ठेविलें असतें तर धडा अधिक ठसला असता, असें आतां वाटतें. म्हणून वाचकांस एवढेंच सुचवितों: पुढच्या खेपेस यंत्र थांबलें कीं प्लग काढून घरांतल्या मुलामुलींस जवळ बोलवावें, चार कामांपैकीं कोणतें अडलें हें त्यांनाच शोधूं द्यावें, आणि काढलेला प्रत्येक स्क्रू वाटींत ठेवण्याचें काम सर्वांत धाकट्याकडे द्यावें.