सामायिक यंत्राचा हिशेब

मंगरूळपीरच्या आसपास एका विहिरीवर दोन-तीन भावांच्या पाळ्या असतात, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. पाणी सर्वांचें, पण पाळीचा नियम नसेल तर जवळच्याचा हरभरा हिरवा राहतो आणि दूरच्याचा वाळतो. अनेक विभागांत मिळून असलेल्या मोठ्या संगणकाचीहि गोष्ट अशीच आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६४ सालीं सी. डी. सी. ३६०० नांवाचा मोठा संगणक बसविण्यांत आला. देशांतील अनेक संस्थांचीं गणितें त्यावर होत. अशा यंत्राचा खर्च कोणीं व कसा सोसावा?

तें सर्वांस फुकट ठेविलें तर निष्काळजीपणा वाढतो व रांग लांबते. म्हणून कित्येक ठिकाणीं प्रत्येक विभागानें घेतलेला यंत्राचा वेळ मोजून त्याप्रमाणें आकार घेतात. उदाहरणार्थ, वर्षाचा खर्च १,००,००० रुपये व काम २,००० तास झालें, तर तासास ५० रुपये पडतात. हें न्याय्य दिसतें. पण यांत एक खोंच आहे. आकार जड वाटून विभागांनीं काम निम्मे केलें, तर वीज, पगार व यंत्राची किंमत फारशी कमी होत नाहीं. दर मात्र १०० रुपये होतो. मग आणखी विभाग दूर जातात. शेवटीं यंत्र रिकामें राहतें आणि ज्या विभागापाशीं पैसा नाहीं, तेथील विद्यार्थ्याचा प्रश्न न सुटतांच राहतो.

यावर अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत एक युक्ति योजिली होती. आयव्हन सदरलँड यांनीं ती १९६८ सालीं प्रसिद्ध केली. तेथें खरा पैसा नव्हता. प्रत्येकास ‘येन’ नांवाचीं कल्पित नाणीं ठराविक संख्येनें मिळत. कोणास अधिक, कोणास कमी. त्यांनीं यंत्राच्या वेळेवर बोली लावावयाची. गर्दीच्या वेळेस बोली चढे, आडवेळीं उतरे. त्यामुळें थोडीं नाणीं असलेल्या विद्यार्थ्यासहि आडवेळीं यंत्र मिळूं शके. पाळी झाल्यावर खर्चलेलीं नाणीं पुन्हां हातीं येत.

तात्पर्य, हिशेब अवश्य ठेवावा. पण तो कोणीं किती घेतलें हें दाखविण्यासाठीं असावा, गरजूस परतविण्यासाठीं नव्हे. पाळी लावावयाची ती शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोंचावें म्हणूनच, हें आम्हीं विसरूं नये.